बीएमडब्ल्यू आर १०० आरएस : लांब पल्ल्याची बॉक्सर

बीएमडब्ल्यूची आर १०० आरएस ही मोटरसायकल १९७६ साली बाजारात आली. तिचं ९८० सीसीचं इंजिन ७० अश्वशक्ती देई. बॉक्सर रचनेत दोन सिलिंडर डाव्या-उजव्या बाजूंना आडवे, थेट वाऱ्यात; त्यामुळे हवेनंच इंजिन थंड राहतं. दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात, एकाच वेळी आत येतात आणि एकमेकांचे हादरे बरेचसे जिरवतात. वजन खाली राहिल्यानं एवढी मोठी गाडीही वळणावर हलकी वाटते.

क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीला समांतर असल्यानं मागच्या चाकाला शाफ्टनं ताकद देणं सोयीचं ठरतं. ही मांडणी बीएमडब्ल्यूचे अभियंता माक्स फ्रिझ यांनी १९२३ च्या आर ३२ मोटरसायकलमध्येच बसवली होती. शाफ्टमुळे चेन ताणणं नाही, तिला तेल घालणं नाही. हजारो किलोमीटरच्या प्रवासात याचं मोल फार मोठं. मात्र थ्रॉटल पिळला की मागचा भाग किंचित उचलला जातो, त्याची सवय करावी लागते.

या गाडीची खरी थोरवी फेअरिंगमध्ये, म्हणजे वारा अडवणाऱ्या पुढच्या आवरणात आहे. डिझायनर हान्स मुथ यांच्या देखरेखीखाली, पिनिनफरीना या इटालियन डिझाइन कंपनीच्या पवनबोगद्यात चाचण्या घेऊन या फेअरिंगला आकार दिला गेला. वारा-पावसापासून चालकाला इतकं पूर्ण संरक्षण देणारी कारखान्यातूनच बसवलेली फेअरिंग तोवर दुर्मीळच होती.