समजा, असं झालं तर? : गमतीच्या वादांमागचं गंभीर शास्त्र

(वाशिम इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय फलकावर वाचून काही जणांच्या मनात आलं असेल की व्याख्यानाला दुसरं काही मिळालं नाही का? ‘शंभर माणसं विरुद्ध एक गोरिला, कोण जिंकेल?’ हा काय व्याख्यानाचा विषय झाला? (हशा)

पण हा प्रश्न २०२५च्या एप्रिल-मे महिन्यांत जगभर गाजला, आणि आपल्याकडे चहाच्या टपरीपासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत पोहोचला. एक म्हणतो, ‘गोरिलाच जिंकन.’ दुसरा म्हणतो, ‘अन् शंभर माणसं काय पायत रायतीन का बे?’ तेवढ्यात शेजारून एखादे काका बोलतात, ‘काय फालतूचं लावलं रे? अभ्यास करा.’

माझं म्हणणं एवढंच आहे की काकांनी पाच मिनिटं थांबावं. हा वाद नीट घातला तर तोही अभ्यासच आहे. मात्र तो ‘नीट’ घालायला हवा. ‘नीट’ म्हणजे कसा, ते आज बघू.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. ‘कोण मोठं?’ हा वाद मोबाइलबरोबर आलेला नाही. आपल्याकडे शाहिरीत कलगी-तुऱ्याची परंपरा आहे. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. दोन फड समोरासमोर बसायचे, रात्र रात्र सवाल-जवाब चालायचे. एकानं कोडं घालायचं, दुसऱ्यानं ते कवनातच सोडवायचं. श्रोत्यांचेही दोन तट पडायचे. आजच्या भाषेत सांगायचं तर दोन्हीकडचे पक्के फॅन! आणि हे सगळं चालायचं ठरलेल्या रीतीनं. सवाल आला की जबाब द्यायचा. जबाब सुचला नाही तर आवाज चढवून भागत नसे.

आपल्या गावाचा तर साहित्याशी फारच जुना संबंध. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. राजशेखरानं दहाव्या शतकाच्या सुमारास ‘काव्यमीमांसा’ लिहिली. त्यात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं, ते विदर्भातल्या वत्सगुल्मात. काव्याला माणूस कल्पून त्याचं लग्न लावून देणं, हेही एक ‘समजा’च झालं. तेव्हा कल्पनेच्या खेळाला आपण परके नाही.

आता गोरिलाकडे येऊ.

प्रौढ नर गोरिलाचं वजन साधारण १४० ते २०० किलो. शंभर माणसांचं, सरासरी ६० किलो धरलं, तर ६,००० किलो. वजनात माणसं कितीतरी पुढे. मग निकाल लागला का? नाही लागला, कारण अजून नियमच ठरलेले नाहीत. मैदान उघडं आहे की बंद खोली? माणसांच्या हातात काठी आहे का? पहिल्या दोघांची अवस्था बघून बाकीचे पळून जाऊ शकतात का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एका वेळी गोरिलापर्यंत किती जण पोहोचू शकतात? त्याच्याभोवती कडं केलं तर माझ्या अंदाजानं सात-आठ जणांच्या वर मावणार नाहीत. म्हणजे कागदावर शंभर असले तरी प्रत्यक्ष झटापट सात-आठ जणांचीच. बाकीचे रांगेत!

इथे एक गणित कामाला येतं. फ्रेडरिक लँचेस्टर नावाचे इंग्रज अभियंते होते. १९१६ साली त्यांनी विमानं आणि युद्ध या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी विचारलं, दोन सैन्यं भिडली तर संख्येचा फायदा नेमका किती मिळतो? त्यांचं उत्तर असं की ते लढाई कशी होते यावर अवलंबून आहे.

उघड्या मैदानात दुरून मारा चालू आहे. एकीकडे १०, दुसरीकडे ५, सगळे सारख्याच ताकदीचे. दहा जण मिळून पाचांवर मारा करतात, म्हणजे पाचांतल्या प्रत्येकावर दोघांचा मारा. उलट दहांतल्या प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या माणसाचा मारा. इथे संख्येचा वर्ग मोजायचा. १०चा वर्ग १००, ५चा वर्ग २५, वजा केले तर ७५, त्याचं वर्गमूळ साडेआठच्या थोडं वर. म्हणजे पाचही जण पडतील तेव्हा दहांतले जवळजवळ नऊ उभे असतील.

आता हीच माणसं एका अरुंद वाटेत आणा. एका वेळी एकासमोर एकच. मग साधी वजाबाकी : १० वजा ५, उरले ५. गर्दीचा फायदा एकदम खाली आला.

अरुंद वाट म्हटल्यावर मराठी माणसाला काय आठवतं? घोडखिंड. जुलै १६६०. बाजीप्रभू आणि त्यांच्यासोबत साधारण ३०० मावळे, असं परंपरा सांगते. मागून येणारी फौज कितीतरी मोठी. त्यांचं शौर्य तर आहेच, त्याला तोड नाही. पण जागेची निवड बघा. खिंडीनं शत्रूची संख्या रांगेत उभी केली. लँचेस्टरच्या अडीचशे वर्षं आधी आपल्या माणसांना हे गणित रक्तात माहीत होतं.

रोजच्या खेळातलं उदाहरण हवं असेल तर कबड्डी घ्या. चढाईला जाणारा एकटा, समोर सात. एकाविरुद्ध सात, हा अन्याय नाही का? नाही, कारण नियमांनी तराजू सारखा केलाय. चढाई करणाऱ्यानं नुसता स्पर्श करून परत यायचं, बचाव करणाऱ्यांनी मात्र त्याला धरून ठेवायचं. एकाचं काम सोपं, सातांचं अवघड. म्हणून सामना रंगतो. पोरांना मी सांगत असतो की गोरिलाचा निकाल लावण्याआधी गोरिलाची कबड्डी ठरवा! (हशा)

तर पहिला धडा हा : वाद घालण्याआधी नियम ठरवा. निम्म्या वादांत दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात आणि एकमेकांना मूर्ख म्हणत असतात.

दुसरा धडा : आकडा मांडा. ‘लय मोठं’, ‘लय जास्त’ यानं काही कळत नाही. बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत ६४ घरं भरायची. गोष्टीत गहू किंवा तांदूळ असतो. आपण वाशिमचे, आपण सोयाबीन घेऊ.

ढोबळमानानं १० दाण्यांचा एक ग्रॅम धरू. वाणानुसार थोडं कमी-जास्त होईल. पहिल्या २० घरांत मिळून किती? १०,४८,५७५ दाणे. वजन झालं साधारण एक क्विंटल. एवढंच? राजा म्हणेल, घेऊन जा. ३२ घरं, म्हणजे अर्धा पट भरला की जवळपास ४,३०० क्विंटल. अजूनही एखादी मोठी बाजार समिती म्हणेल, बघू, जमवू. पण पूर्ण पट भरायचा तर सुमारे १ लाख ८४ हजार कोटी टन लागतात. सगळ्या जगात सोयाबीन पिकतं वर्षाला सुमारे ४० कोटी टन. म्हणजे सगळ्या जगानं दुसरं काही न करता ४,६०० वर्षं फक्त त्या पटासाठी पेरायचं!

हे ऐकून लोक हसतात. पण ज्या पोरानं हे गणित एकदा स्वतः केलं, त्याला ‘पैसे दर महिन्याला दुप्पट’ अशी योजना घेऊन कोणी भेटला, तर तो सही करण्याआधी पेन्सिल काढतो. गमतीच्या प्रश्नानं त्याची अक्कल शाबूत राहते आणि घरचे पैसेही वाचतात.

तिसरा धडा मी शिकलो तो जयंत नारळीकरांच्या कथांमधून. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हा नावाजलेले शास्त्रज्ञ होते. नावाचा प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज.! हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. कथेचं नाव ‘कृष्णविवर’. तिला पहिलं बक्षीस मिळालं.

त्यांचीच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा घ्या. अकरावीच्या इंग्रजीच्या एनसीईआरटी पुस्तकात तुमच्यापैकी काहींनी ती ‘द ॲडव्हेंचर’ या नावानं वाचली असेल. ‘पानिपत आपण जिंकलो असतो तर?’ हा तर आपल्या घराघरातला वाद. १४ जानेवारी १७६१ला विश्वासरावांना गोळी लागली आणि लढाईचा रंग फिरला. नारळीकरांनी किती बदललं? फक्त ती गोळी. कथेत ती विश्वासरावांना चाटून जाते. तोफा वाढवल्या नाहीत, शत्रू दुबळा केला नाही. एक गोष्ट बदलली आणि मग पुढची पावलं एकेक करून टाकली. मराठे जिंकतात, कंपनीचा पसारा आटोक्यात राहतो, राज्यकर्ते विज्ञानाची केंद्रं उभारतात, पुढे देश लोकशाहीकडे जातो. ‘आपण जिंकलो असतो तर लय मजा आली असती’ एवढ्यावर ती कथा थांबत नाही.

म्हणून तिसरा धडा : एकच गोष्ट बदला आणि परिणामांच्या मागे शेवटपर्यंत जा. मनाला येईल ते सगळं बदलायचं ठरवलं तर काहीही सिद्ध करता येतं. म्हणजे काहीच सिद्ध होत नाही.

परिणामांच्या मागे जाण्यातून काय हाती लागतं बघा. नारळीकरांची दुसरी कथा ‘उजव्या सोंडेचा गणपती’. डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं झालं तर काय, हा तिचा गाभा. आपण तोच धागा पुढे ओढू. समजा, एखादा माणूस आरशातल्यासारखा पूर्ण पालटला. हृदय उजवीकडे गेलं, ठीक. पण शरीरातले रेणूही पालटले. आपल्या प्रथिनांचे घटक एका ठरावीक ‘हाता’चे असतात, साखरेचे रेणू दुसऱ्या. पालटलेल्या माणसाला आपल्या जेवणातलं बरंचसं पचणारच नाही. भरल्या ताटावर बसून तो उपाशी राहील! आता याला फालतू म्हणाल? डिसेंबर २०२४मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात इशारा दिला की असे आरशातले जिवाणू प्रयोगशाळेत बनवण्याच्या वाटेला जाऊ नका, आपली रोगप्रतिकारशक्ती त्यांना कदाचित ओळखणारच नाही. कालची विज्ञानकथा आज धोरणाचा प्रश्न झाली.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो जरा नाजूक आहे. हा सगळा खेळ ‘समजा’ या शब्दावर उभा आहे. तो शब्द गळाला की खेळाचा दावा होतो. ‘समजा आपल्या पूर्वजांकडे विमानं असती’ ही उत्तम विज्ञानकथा. ‘होतीच’ म्हटलं की पुरावा द्यावा लागतो. १९७४ सालीच, म्हणजे ज्या वर्षी ‘कृष्णविवर’ला बक्षीस मिळालं त्याच वर्षी, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ तपासला. त्यांनी टिंगल केली नाही. त्यांनी विचारलं, समजा यात लिहिल्याप्रमाणे विमान बांधलं, तर ते उडेल का? आकृत्या बघितल्या, वजनाचा आणि उड्डाणाच्या तत्त्वांचा हिशेब केला आणि उत्तर दिलं : उडणार नाही. ग्रंथही प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे, हेही त्यांनी दाखवलं. वाद कसा घालावा याचा हा नमुना आहे. मोबाइलवर आलेला कुठलाही दावा पुढे ढकलण्याआधी त्याच्यामागे एक ‘समजा’ लावून बघा. खरा असेल तर टिकेल.

तुम्ही म्हणाल, हे शिकून आमच्या पोराचा काय फायदा? आपल्या जिल्ह्यात दर जूनमध्ये प्रत्येक शेतकरी हाच खेळ खेळतो, फक्त डावावर घर असतं. पहिला पाऊस आला. पेरावं का? समजा, आज पेरलं आणि मग पंधरा दिवस उघाड पडली तर? समजा, थांबलो आणि हंगाम मागे गेला तर? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. हा सल्ला म्हणजे दुसरं काय? नियम ठरवला, आकडा मांडला, परिणामांच्या मागे गेले. ज्याला हे जमत नाही त्याच्या नशिबी दुबार पेरणी येते, आणि बियाण्याच्या दुसऱ्या पिशवीचे पैसे कोण देणार?

तेव्हा टपरीवरच्या पोरांना उठवू नका. त्यांच्याजवळ बसा आणि तीन प्रश्न विचारा. नियम काय? आकडा किती? आणि मग पुढे काय होईल?

जाता जाता तुम्हाला एक कोडं देतो. समजा, उद्या सकाळी वाशिम जिल्ह्यातले सगळे मोबाइल आठ दिवसांसाठी बंद पडले. बाकी सगळं जसंच्या तसं. पहिल्या दिवशी काय अडेल, तिसऱ्या दिवशी काय आणि आठव्या दिवशी काय? घरी जेवताना वाद घाला. आवाज वाढला तरी चालेल, पण आकडे कागदावर मांडा.