कुरळ्या केसांची निगा

उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ व यल्लापूर तालुक्यांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या अनेकांचे हे वंशज. त्यांतील पुष्कळ कुटुंबे कॅथलिक आहेत. पूर्वजांचे घट्ट कुरळे केस त्यांना वारशाने लाभले. अशा केसांची शाळेत थट्टा झाली की मुलीला ते ओझे वाटू लागतात.

दोष केसांचा नव्हे. टाळूचे नैसर्गिक तेल सरळ केसांवरून सहज उतरते. वेटोळ्या केसांच्या टोकापर्यंत ते पोचत नाही. म्हणून ते कोरडे पडून तुटतात, आणि वाढतच नाहीत असा भास होतो.

उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा, आधी खोबरेल लावून, सौम्य शांपूने न्हावे. केस ओले असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवीत जावे. वेण्या सैल घालाव्यात. सदैव ओढून बांधल्याने कपाळालगतचे केस कायमचे जाऊ शकतात. रात्री डोक्यास रेशमी फडके बांधावे.

आपल्या मस्तकावरचे केसही पित्याने मोजलेले आहेत, असे प्रभू येशूने शिष्यांना सांगितले. त्या मोजणीत सरळ-कुरळे असा भेद नाही. मातांनो, कंगवा हाती घ्याल तेव्हा मुलीला हे अवश्य सांगा.