ईश्वराच्या अस्तित्वाचा पडताळा

ईश्वर आहे की नाही, हा प्रश्न जुनाच. परंतु त्याचे अस्तित्व पडताळून पाहता येईल काय, असे विचारताच वादाचे स्वरूप पालटते. २८ जानेवारी १९४८ रोजी बीबीसीवरून प्रसारित झालेला एक संवाद या दृष्टीने मननीय आहे. एका बाजूस होते पंचाहत्तर वर्षांचे तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल, तर दुसऱ्या बाजूस चाळीस वर्षांचे जेझुइट धर्मगुरू फ्रेडरिक कोपलस्टन.

कोपलस्टन यांनी चमत्कारांपासून आरंभ केला नाही. जगातील प्रत्येक वस्तू आपल्या अस्तित्वासाठी दुसऱ्या कशावर तरी अवलंबून असते. माणूस आईबापांवर, अन्नावर, हवेवर. अशा परावलंबी वस्तूंची कितीही मोठी बेरीज केली, तरी ती स्वयंभू होत नाही. चॉकलेटे कितीही मिळवली तरी त्यांची मेंढी होणार नाही, असा मिस्कील दाखला त्यांनी दिला. यावर रसेल म्हणाले, प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून अखिल मानवजातीला एक आई आहे असे ठरत नाही. जग आहे, एवढेच म्हणता येते. तेव्हा कोपलस्टन उत्तरले की, पटाशी बसण्यासच जो नकार देतो त्याच्यावर मात होणार तरी कशी! मात्र ईश्वर नाही हे सिद्ध करता येते, असाही रसेल यांचा दावा नव्हता. ते अज्ञेयवादी होते.

याहून कठोर कसोटी ए. जे. एअर यांनी १९३६ साली मांडली होती. जे विधान केवळ शब्दार्थाने खरे ठरत नाही आणि अनुभवानेही पडताळता येत नाही, ते वस्तुस्थितीविषयी काहीच सांगत नाही. या न्यायाने आस्तिकाबरोबर नास्तिकाचेही विधान निरर्थक ठरते! परंतु ही कसोटी स्वतः कोणत्या अनुभवाने पडताळावयाची? आपल्याकडे प्रत्यक्ष हेच एकमेव प्रमाण मानणाऱ्या चार्वाकांना नैयायिकांनी असेच पेचात पकडले होते. कारण त्यांचा तो सिद्धांत काही प्रत्यक्ष दिसत नाही. उदयनाचार्यांनी तर कार्यावरून कर्त्याचे अनुमान करीत ईश्वरसिद्धीचा ग्रंथच रचला. त्या अनुमानावरही बौद्धांचे आणि मीमांसकांचे आक्षेप होतेच.

त्या संवादातील खरी धार मात्र शेवटी नीतीच्या प्रश्नावर दिसली. बऱ्यावाईटाचा भेद रंगांच्या भेदासारखाच जाणवतो, असे रसेल म्हणाले. मग कोपलस्टन यांनी बेल्सेनच्या नाझी छळछावणीच्या प्रमुखाचे उदाहरण काढले. ती छावणी मुक्त होऊन तीन वर्षेही झाली नव्हती. ज्याला ते कृत्य योग्यच वाटले, त्याला चूक कसे ठरवावयाचे? रसेल यांनी आडपडदा न ठेवता उत्तर दिले. कावीळ झालेल्याला सारे पिवळे दिसते. वस्तू पिवळ्या नाहीत हे त्याला सिद्ध करून दाखविता येत नाही, पण बहुतेकांना त्या तशा दिसत नाहीत. तो अधिकारी चुकला, हेही बहुतेकांना मान्य आहे. म्हणजे येथे पडताळा नव्हताच. तरीही त्या कृत्याच्या दुष्टपणाविषयी रसेल यांच्या मनात तिळमात्र संदेह नव्हता.