पेणची हवा, रोह्याची हवा

पेणमध्ये कॉम्प्रेसर कुणाला समजावून सांगावा लागत नाही. हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात आषाढ लागला की गणेशमूर्तींच्या कारखान्यांतून त्याची धडधड वाढते. बॉडी कलर, पितांबर, शेला, सगळं स्प्रेगनने. डोळ्यांची आखणी तेवढी ब्रशने. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि मखरं पुठ्ठा, कापड, एमडीएफ यांकडे वळली. एमडीएफची जाळी कापायची म्हणजे लेसर आलाच. अशाच एका कारखानदारांनी ८० वॅटचं सीओटू लेसर मशीन घेतलं आणि हवेची जोडणी करायला मला बोलावलं. त्यांचा हिशोब सरळ होता. "दादा, कॉम्प्रेसर घरचाच आहे. एक पाईप मारला की झालं."

मशीनसोबत आलेला पंप त्यांनी कोपऱ्यात सारला होता. तो फिशटँकच्या पंपाचा थोरला भाऊच. हवा भरपूर देतो, पण दाब जवळजवळ नाही. तरी आधी तोच लावला. ३ मिलिमीटरच्या एमडीएफवर कमळाची नक्षी सुरू केली. हवा बंद असताना कापाच्या रेषेवर पिवळी ज्योत उभी राहते, धूर वर लेन्सकडे जातो आणि कडा कोळशासारख्या होतात. पंप सुरू केला की ज्योत विझते, धूर खाली ढकलला जातो, कड तपकिरी उरते. एवढ्यापुरता तो बिचारा पुरेसा आहे. ५.५ मिलिमीटरचा तुकडा ठेवला तेव्हा मात्र खालची बाजू सुटेना. त्या अरुंद खाचेतून धूर बाहेर काढायला जोर लागतो, नुसती हवा असून भागत नाही.

मग घरच्या कॉम्प्रेसरचं काय? तो तेलावर चालणारा. हवेबरोबर तेलाची वाफ थोडी का होईना, येतेच. लेसरची फोकस लेन्स झिंक सेलेनाइडची, पिवळसर, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. तिच्यावर तेल बसलं की त्यावर धूर चिकटतो, डाग किरण शोषून तापतो आणि एक दिवस लेन्स तडकते. दुसरी गोष्ट, स्प्रेगनचं काम थांबत थांबत चालतं. कारागीर ट्रिगर सोडतो, मूर्ती फिरवतो, रंग बदलतो. तेवढ्यात टाकी भरते. लेसरला सलग तीन-तीन तास हवा लागते.

दुकानदार इथे टाकीचा आकार दाखवतात. त्या आकारावर माझा फारसा विश्वास नाही. २४ लिटरची टाकी ८ बारवरून ४ बारवर येईपर्यंत साधारण ९६ लिटर हवा देते. लेसरच्या नोझलचं भोक २ मिलिमीटरचं आणि दाब १ बार धरला तर मिनिटाला ६५ लिटरच्या आसपास हवा जाते. म्हणजे दीड मिनिटात टाकी उतरली. पुढचं सगळं मोटरवर. भोक ३ मिलिमीटरचं केलं तर खर्च सव्वादोन पट, म्हणून कॉम्प्रेसर निवडायच्या आधी नोझल मोजावं. विचारायचा आकडा एकच, दाबाखाली प्रत्यक्ष किती हवा बाहेर पडते. पत्रकावर बहुतेक वेळा पिस्टनने ओढलेल्या हवेचा सीएफएम (मिनिटाला घनफूट) छापलेला असतो आणि तो नेहमीच गुबगुबीत दिसतो.

पण कोकणात खरा प्रश्न पाण्याचा. हे मला रोह्यात नीट कळलं. तिथल्या धाटाव एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यांत व्हॉल्व्ह उघडझाक करायला 'इन्स्ट्रुमेंट एअर' वापरतात: तेलाचा अंश नाही आणि दवबिंदू उणे ४० अंशांपर्यंत उतरवलेली. अशाच एका प्लँटमधून निवृत्त झालेल्या काकांना मी पेणची कहाणी सांगितली. त्यांनी कॉम्प्रेसरची कंपनी विचारली नाही, हॉर्सपॉवर विचारली नाही. "ड्रेन कुठे आहे?" एवढंच विचारलं. त्यांची जुनी उपकरणं ३ ते १५ पीएसआयच्या सिग्नलवर चालायची. १५ पीएसआय म्हणजे जेमतेम एक बार, आपल्या नोझलला लागतो तेवढाच दाब.

हिशोब करून पाहिला. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी असतं. ती ७ बारला दाबून पुन्हा गार केली की जेमतेम चार ग्रॅम वाफेच्या रूपात राहतं, बाकीचं टाकीत गळतं. मिनिटाला ६० लिटर धरले तर तासाला ८० ग्रॅम, दिवसभरात अर्धा लिटरच्या वर. ते वेळेवर काढलं नाही तर पाईपमधून थेट लेन्सवर.

याच्यातच उपायही आहे. जास्त दाबाला पाणी गाळून घ्यायचं आणि मग रेग्युलेटरने दाब उतरवायचा, की तीच हवा कोरडी होऊन बाहेर पडते. मात्र हवा मध्ये गार व्हायला हवी. वॉटर सेपरेटर कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच लावलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. तिथून हवा गरम जाते, पाणी वाफच असतं, सेपरेटरच्या हाती काही लागत नाही. आम्ही पंधरा फूट तांब्याची नळी भिंतीवरून उताराने नेली, तळाला ड्रेन कॉक दिला आणि सेपरेटर मशीनजवळ बसवला. दुकानात एफआरएलचा (फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) तयार संच हातात ठेवतात. त्यातला ल्युब्रिकेटर हवेत मुद्दाम तेल सोडतो, तो लेसरला चालत नाही. फक्त फिल्टर आणि रेग्युलेटर घ्यायचा.

शेवटी ऑइल-फ्री, दोन हेडचा, दोन एचपीचा कॉम्प्रेसर घेतला, म्हणजे मोटरला अधूनमधून दम खाता येतो. वायरिंग वेगळी ओढली, कारण मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं आणि ते लेसरच्या पॉवर सप्लायला सोसत नाही. एमडीएफला एक ते सव्वा बार. ॲक्रिलिकला मात्र नुसती फुंकर. जोर दिला तर काचेसारखी येणारी कड धुरकट होते. सनबोर्ड मशीनखाली ठेवायचाच नाही, त्यातल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो माणसालाही बाधतो आणि मशीनलाही गंजवतो.

ड्रेन उघडायचं काम कारखान्यातल्या सर्वांत धाकट्या पोराकडे आहे. सकाळी एकदा, जेवणाच्या सुट्टीत एकदा. पाणी तांबूस यायला लागलं की टाकी आतून गंजतेय हे त्याला सांगून ठेवलं आहे.