विमानतळ दोन, पण रेल्वे एकाच्याही दारात नाही!

सिंधुदुर्ग : वेंगुर्ले तालुक्यातला चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. सव्वा वर्षातच, ५ जानेवारी २०२३ पासून, शेजारच्या गोव्यात मोप्याहून विमानं उडू लागली. सावंतवाडी, दोडामार्गकरांना मोपाच जवळ पडतो.

कोकण रेल्वे दोन्हीकडून जाते, पण रूळ एकाही टर्मिनलपर्यंत जात नाहीत. मोप्यासाठी पेडणे, चिपीसाठी कुडाळ स्टेशनवर उतरायचं. पुढे रिक्षा नाहीतर टॅक्सी. पेडण्याला सगळ्या एक्स्प्रेस थांबत नाहीत, म्हणून थांबा बघूनच तिकीट काढा.

दोन राज्यांच्या चढाओढीत सामान्य प्रवासी हिशेब करतो तो घरापासून विमानापर्यंतच्या वेळेचा आणि भाड्याचा. स्टेशनवरून गाडीच्या वेळेला बस मिळाली, तर चिपीचंही पारडं जड होईल.