रिमोट ते ड्रोन: मधला दुवा

लिंक वेगळी, प्रोटोकॉल वेगळा. रिमोटपासून रिसीव्हरपर्यंत हवेतून जाते ती रेडिओ लिंक. रिसीव्हरपासून फ्लाइट कंट्रोलरपर्यंत तारेतून बोलली जाते ती भाषा म्हणजे प्रोटोकॉल. गोंधळ इथेच होतो: क्रॉसफायर ही लिंक, सीआरएसएफ ही तिची भाषा; पण आता एक्स्प्रेसएलआरएस या मुक्तस्रोत लिंकचे रिसीव्हरही तीच भाषा बोलतात.

तारेतून
- पीडब्ल्यूएम: दर चॅनेलला वेगळी तार. स्पंद साधारण १००० ते २००० मायक्रोसेकंद; १५०० म्हणजे स्टिक मधोमध.
- पीपीएम: सगळे चॅनेल एकाच तारेत, एकामागून एक.
- एसबस: फुताबाचा, डिजिटल, १६ चॅनेल. सिग्नल उलटा असल्याने काही कंट्रोलरना इन्व्हर्टर लागतो.
- सीआरएसएफ: दुतर्फा. बॅटरीचा व्होल्टेज रिमोटवर दिसतो.

हवेतून
- २.४ गिगाहर्ट्झ: तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणून अँटेना छोटा. वाय-फायची गर्दीही इथेच. उपाय, सतत फ्रिक्वेन्सी बदलत राहणे. या युक्तीचे एक पेटंट १९४२ मध्ये अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना मिळाले होते.
- ८६८ आणि ९१५ मेगाहर्ट्झ: तरंग लांब, झाडांआडून जास्त टिकतात. ९१५ अमेरिकेत खुला आहे. भारतात विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८. परदेशातून संच मागवताना हे आधी पाहा.

फेलसेफ: लिंक तुटल्यावर ड्रोनने काय करायचे, याची आगाऊ सूचना. पंखे काढून, रिमोट बंद करून ती तपासा. मोटर थांबल्या पाहिजेत.