वायर आखूड का पडली?

एअरबसच्या ए३८० विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायरिंग आहे. हॅम्बुर्गहून आलेले वायरचे जुडगे तुलूझच्या जुळणीत आखूड पडले आणि पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला ऑक्टोबर २००७ मध्ये, म्हणजे जवळपास दीड वर्ष उशिरा मिळालं. बोट दाखवलं जातं ते कॅटिया या डिझाइनच्या सॉफ्टवेअरकडे: जर्मनीत चौथी आवृत्ती, फ्रान्समध्ये पाचवी. मग सगळ्यांना एकच आवृत्ती दिली की झालं, असं कुणी म्हणेल. मला ते अर्धंच पटतं. इलेक्ट्रिकलवाल्याला वायर म्हणजे दोन टोकांमधली जोडणी, मेकॅनिकलवाल्याला तिची जाडी आणि वळण, जुळणी करणाऱ्याला हात घालायची जागा. त्यात ॲल्युमिनियमची वायर तांब्याइतकी घट्ट वळवता येत नाही. हे ड्रॉइंगवर लिहिलं नसेल, तर सॉफ्टवेअर बिचारं आपणहून काय सांगणार?

मग या तिघांना एकत्र बसवा म्हटलं, की कुणी विचारतं, ‘सारख्या बैठका घेत बसलो, तर माल कधी काढायचा?’ हा आक्षेप रास्तच आहे. पण बैठका वाढवायला कोण सांगतंय! लांबी, तिच्यात चालणारी तफावत आणि वळणाची किमान त्रिज्या ड्रॉइंगवर लिहा, आणि टूलिंगची ऑर्डर देण्याआधी जुळणीवाल्यांकडून एक नमुना जोडून घ्या. तुमच्याकडे ड्रॉइंग कुठे अडतंय? त्यांनाच जरूर विचारा.